मागाखालचा निखारा

निपाणीच्या तंबाखूचा वास आला की माझा डावा तळपाय आजही चुरचुरतो. तेव्हा आम्ही शहापुरात लुगडी विणायचो. वडील, म्हणजे आप्पा, जेवायला गेले की मी मागावर बसून लष्कराच्या कॅम्पातल्या साहेबानं टाकून दिलेला पाईप निपाणीची तंबाखू भरून ओढायला शिकायचो. एका दुपारी धूर न गिळता तोंडात घोळवायचं जमलं, गोडी लागली, आणि तेवढ्यात आप्पा आले. घाबरून मी पाईप मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यात टाकला. निखारा सांडला, आणि वर लग्नाच्या लुगड्याचा रेशमी ताणा, सगळे उभे धागे ताणलेले. निखारा अनवाणी डाव्या पायानं दाबून मी आडव्या धाग्याचा धोटा फेकत राहिलो. "जळका वास कसला येतोय रं?" आप्पांनी विचारलं. "काय न्हाय, आप्पा." त्यांनी एकदा खड्ड्याकडं पाहिलं आणि ते आपल्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात आप्पांनी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवलेला होता. अजूनही तांब्या जवळ घेतल्याशिवाय मी पाईप पेटवत नाही.