काठ दुमडेपर्यंत

जावाजावा, उभा दावा, असं म्हणतात. आमच्यात दावा नव्हता, पण दोघींना एका होडीत बसवलं तर काय होईल हे देवालाच ठाऊक. आणि थोरल्या जाऊबाईंनी नेमकं तेच केलं.

त्या पुण्याला कॉलेजात असताना शिडाच्या होड्यांच्या शर्यती खेळायच्या. लग्न होऊन न्हावऱ्याला आल्या आणि ते सगळं सुटलं. मग एक दिवस कुठूनशी भंगारात निघालेली डिंगी, म्हणजे दोघांपुरती शिडाची होडी, टेम्पोत घालून घरी आणली. सासरे, म्हणजे आमचे आबा, तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "गव्हाण झ्याक हुईल हिची." जाऊबाई हटल्या नाहीत. शेवटी ठरलं, धरणावरच्या शर्यतीत पहिला नंबर आला तर होडी राहील, नाहीतर म्हशीपुढं. जोडीला हलकी बाई लागते म्हणून मी. हलकी कसली, पण घरात दुसरं होतं कोण!

होडी चालवायच्या त्या. माझ्याकडं पुढच्या मोठ्या, फुगणाऱ्या शिडाचा दोर. वारं पाठीमागून असलं की हेच शीड होडी पळवतं. मला वाटलं, त्यात काय अवघड? ओढला दोर गच्च. आम्ही बैलं हाकलेली माणसं. कासरा ढिला सोडला की बैल उधळणार, हे हाडात भिनलेलं. होडी मात्र गाभण म्हशीसारखी चालायला लागली.

"ताणू नकोस गं," जाऊबाई म्हणायच्या. "शिडाचा काठ जरासा दुमडेपर्यंत सोड. दुमडला की इवलंसं ओढ. सरळ झाला की परत सोड."

"सारखं सोडायचंच असेल तर मला कशाला बसवलंय? खुंटीला बांधा दोर!" मी भडकले. त्या नुसत्या हसल्या.

बाईचं कौतुक किती करावं! आबांच्या घोंगड्यातली लोकरीची सुतं उपसून त्यांनी वारं कुठून येतंय ते कळावं म्हणून डोलकाठीच्या तारांना बांधली होती. आबांचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. घोंगडं उसवल्यावर घरात जो दंगा झाला तो विचारू नका. पण त्या सुतांकडं एक नजर टाकून जाऊबाई सांगायच्या, "आता जोर येतोय." आणि यायचा! आवाज कधी चढला नाही त्यांचा. माझा चढायचा तेवढा पुरे होता.

शर्यतीत शेवटच्या टप्प्याला वारं पाठीमागून आलं. आमच्या पुढं एकच होडी, पुण्याच्या दोन पोरींची. माझ्या डोळ्यांपुढं गव्हाण आली आणि मुठी आपोआप आवळल्या. होडी मंदावली. तेवढ्यात धरणाच्या भिंतीकडून आबांची आरोळी आली, "आगं सोड की! काठ बघ, काठ!" रोज आमची भांडणं ऐकून म्हाताऱ्याला पाठ झालं होतं. मला इतका राग आला की मी दोर सोडलाच. काठ दुमडला. जरासं ओढलं, परत सोडलं. होडी सुसाट निघाली. त्या पोरींना आम्ही गाठतच आणलं होतं, पण तेवढ्यात शर्यत संपली. हातभरानं हुकलं. दुसरा नंबर.

येताना टेम्पोत जाऊबाई होडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बघून मलाच रडू फुटलं. घरी पोचल्याबरोबर आबांनी गड्यांना हाक मारली आणि होडी सरळ गोठ्यात नेली. माझं डोकं सणकलं. अहो, घामाचे कपडे तरी वाळू द्यायचे! पदर खोचला आणि भांडायला गेले.

म्हैस बाहेर लिंबाखाली बांधलेली. आत, तिच्या जागेवर, होडी. आणि होडीवर आबांचं ते उसवलेलं घोंगडं.

"उन्हानं फायबर तडकतंय म्हणं," आबा माझ्याकडं न बघता म्हणाले. "बघत काय ऱ्हायलीस? म्हशीला पाणी दाव. आन् थोरलीला सांग, फुडच्या साली धाकटीला दोर जरा लवकर सोडाय लाव."