सहा गोल्डफिश आणि जिवाणूंची बाटली

अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर माझ्या वडलांकडे, आप्पांकडे, एकच शब्द उरला होता, 'व्हय'. उजवा हात आणि पाय हळूहळू परत येत होते, पण बोलणं गेलं ते गेलंच. पाणी पाहिजे का विचारलं तर व्हय, नको का विचारलं तरी व्हय. पहिले काही दिवस त्या शब्दावर विश्वास ठेवून आम्ही चहा दिला, पंखा बंद केला, त्यांची कूस बदलून दिली. मग त्यांच्या डोळ्यांत चीड दिसायची आणि कळायचं, हे नको होतं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतंय बरंचसं. शब्द बाहेर येताना दुसराच येतोय."

आप्पा बोरगावचे. तिथल्या पंचायतीत त्यांनी उभा जन्म पाणी सोडायचं काम केलं. पहाटे व्हॉल्व्ह फिरवायचा, बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायची आणि शिडी चढून ती वरच्या टाकीत ओतायची. माझा धाकटा भाऊ गावातच शेती बघतो. पण व्यायाम शिकवणारा डॉक्टर बेळगावात होता, म्हणून आप्पांना आमच्या पिरनवाडीच्या घरी आणलं. मी शहरातल्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवते. नवरा बँकेत. दिवसा आप्पांजवळ शेजारच्या गल्लीतल्या एक मावशी बसायच्या.

टीव्ही लावला की आप्पा तोंड फिरवायचे. त्यातली माणसं भराभर बोलायची, ते त्यांना सोसायचं नाही. व्यायामाचे डॉक्टर म्हणाले, "काही तरी हलतं, पण बोलत नाही असं ठेवा समोर." मला मासे सुचले.

दोन फुटी काचेची टाकी, पाणी गाळायचा पंप, तळाला पांढरे खडे, सगळं एका शनिवारी शाळा सुटल्यावर घेतलं. दुकानदाराने वर हाताच्या पंजाएवढी एक बाटली ठेवली. आत ताकाच्या निवळीसारखं काही तरी.

"ह्यात चांगले जिवाणू हैत, टीचर. नव्या टाकीत हे नसतात, म्हणून मासे मरतात. हे वतलं की टाकी जुनी झाली असं समजायचं."

"लगेच?"

"चिंता माडबेडरी, काळजीच करू नका. सकाळी वता, संध्याकाळी मासे न्या. फक्त नळाचं पाणी असंल तर एक दिवस भरून ठेवा, मग वता."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. नक्की ऐकलं होतं. पण आमच्या नळाला पाणी आठवड्यातून दोनदा येतं आणि ते त्या रविवारी सकाळी आलं. त्यात रविवारीच मी दिवसभर घरी असणार. आप्पांना मासे दाखवायची घाई मलाच झाली होती. आठ वाजता टाकी भरली, पंप सुरू केला आणि बाटलीचं बूच उघडलं.

आप्पा समोर खुर्चीत बसले होते. मी बाटली वाकडी केली तसा त्यांनी डावा हात वर नेला आणि बोट नाकाला लावलं. मग बोट टाकीकडे केलं. पुन्हा नाकाला.

"काय झालं आप्पा? सर्दी झालीया काय?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

मी रुमाल आणून त्यांचं नाक पुसलं. त्यांनी मान झटकली, हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. मी म्हटलं, "थांबा, थांबा, आता मासे येणार हैत," आणि उरलेली बाटली टाकीत रिकामी केली.

संध्याकाळी सहा गोल्डफिश आणले. चार केशरी, एक पांढऱ्या ठिपक्यांचा, एक जवळजवळ काळा. आप्पांनी त्यांच्यावरून नजर हलवली नाही. जेवतानाही घास हातात धरून ते बघत राहिले. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल पडलेला मी बघितला. नवरा म्हणाला, "हे आधीच करायला पायजे होतं गं." मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. पाचव्या दिवशी मी वर्गात असताना मावशींचा फोन आला. "ताई, एक मासा उलटा झालाय. आणि तुमचे आप्पा काठी आपटाय लागलेत, थांबतच न्हाईत."

घरी आले तेव्हा मेलेला मासा मावशींनी काढून झाकून ठेवला होता. बाकीचे पाचही वर, पाण्याच्या पृष्ठभागाशी, तोंडं उघडत होते. आप्पांनी काठी टाकीकडे केली आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला की ते असंच बघायचे. पण तेव्हा पाठोपाठ शब्द यायचे.

त्या वेळी मी नववीला नायट्रोजनचं चक्र शिकवत होते, हे सांगायला लाज वाटते. फळ्यावर बाण काढत होते. अमोनियापासून नायट्राइट, नायट्राइटपासून नायट्रेट, आणि प्रत्येक बाणावर त्या त्या जिवाणूचं नाव. मुलं उतरवून घेत होती. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया होतो, तो खाणारे जिवाणू आधी वाढावे लागतात, आणि ते गाळणीच्या स्पंजवर, खड्यांवर घर करायला आठवडे घेतात, हे मला येत होतं. तरीही बाटलीवर छापलेल्या 'लगेच मासे सोडा' या एका ओळीवर मी विश्वास ठेवला होता. वाटलं, आठवडे कुणी तरी आधीच मोजून त्यात भरून दिलेत.

दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "एक बाटली पुरली नसंल. आणखी एक वता." मी दुसरी आणली आणि ओतली. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांचा गेला. त्याच्या पाठोपाठ केशरी एक.

मी पाणी तपासायचे थेंब मागवले. बोटभर नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा आला तर बरं, हिरवा आला तर अमोनिया. आमचा रंग कोथिंबिरीसारखा हिरवा आला. म्हणजे दोन बाटल्या आत गेल्या होत्या आणि अमोनिया खाणारं आत कुणी नव्हतं, किंवा होतं ते फारच थोडं. मी अर्धी टाकी रिकामी करायचं ठरवलं. त्यासाठी नळाचं पाणी बादल्यांत भरून ठेवायला घेतलं. त्या दिवशी पाण्याला फारच वास होता. डोळे चुरचुरले. पोहायच्या तलावाजवळ येतो तसा वास. बादली भरत मी तशीच उभी राहिले.

नाक. टाकी. पुन्हा नाक.

ज्या माणसाने रोज सकाळी टाकीत ब्लीचिंग ओतलं, त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून तो वास आला असणार. जंतू मारायला जे टाकतात तेच पाण्यात आहे आणि पोरगी त्यात जिवाणू ओततेय, हे त्याला दिसत असणार. त्या रविवारी पंप दिवसभर चालला, संध्याकाळपर्यंत क्लोरीन बरंच उडून गेलं असेल, म्हणून मासे लगेच मेले नाहीत. पण पहिली बाटली मी सकाळी आठलाच त्यात ओतली होती.

मी हात तसेच ओले घेऊन आप्पांपुढे जाऊन बसले.

"आप्पा, त्या दिवशी पाण्याला ब्लीचिंगचा वास येत होता, असं सांगत होता का मला?"

"व्हय."

पण मला खात्री पाहिजे होती. म्हणून मी विचारलं, "का सर्दीच झालती?"

"व्हय," आप्पा म्हणाले, तेवढ्याच ठामपणे.

मी कागद आणला. एका बाजूला नळ काढला, दुसऱ्या बाजूला रुमाल, आणि म्हटलं बोट ठेवा. त्यांनी कागदावर तळहात पसरून ठेवला, दोन्ही चित्रांवर. मग हात काढून घेतला आणि खिडकीकडे बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. झटक्यानंतर ते असंही येत असे, कारण नसताना. डॉक्टरांनी तेही सांगून ठेवलं होतं. म्हणजे त्या पाण्यालासुद्धा मी काही अर्थ लावू शकत नव्हते.

त्यानंतर उचगावचा एक दंतवैद्य भेटला. म्हणजे माझी दाढ दुखत होती म्हणून गेले, तर त्याच्या बाहेरच्या खोलीत चार फुटी टाकी होती, काचेसारखं स्वच्छ पाणी. तोंडात कापूस असताना मी त्याला विचारलं, तुम्ही बाटली वापरली होती का. त्याला नीट कळेपर्यंत दोनदा विचारावं लागलं. तो हसला नाही, हे मला फार बरं वाटलं.

"वापरली होती," तो म्हणाला. "एकदा उपयोग झाला, एकदा झाला न्हाय. काही बाटल्यांत खरंच लागतात ते जिवाणू असतात, आणि टाकी लवकर बसते, म्हणजे मासे जगण्याजोगी होते. काहींत भलतेच असतात. आणि बरोबर असले तरी दुकानात उन्हात महिनोन् महिने पडलेले, जिवंत किती उरले कोण सांगणार? ओतलं तरी आठवडे थांबायचं, थोडे मासे सोडायचे, पाणी तपासत राहायचं. बाटलीनं थांबणं चुकत न्हाय."

"माझे सहा सोडले पहिल्याच दिवशी."

"दोन फुटात सहा गोल्डफिश?" आता मात्र त्याने मान हलवली. मग आत जाऊन त्याच्या गाळणीतला एक जुना, तपकिरी झालेला स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून पिशवीत बांधून दिला. "वाळू देऊ नका. नळाखाली धुऊ नका. जाऊन लगेच तुमच्या गाळणीत घाला."

बसमध्ये ती पिशवी मी मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "काय गं त्यात? घाण पाणी कशाला नेतीस?" मी म्हटलं, "औषध हाय."

स्पंज घातला. रोज थोडं पाणी बदललं, बादलीत दोन दिवस ठेवलेलं. खाणं अगदी चिमटीभर. त्या आठवड्यात आणखी दोघे गेले. म्हणजे स्पंज आला तेव्हा त्यांच्यासाठी उशीर झाला होता, किंवा स्पंजानेही काही झालं नाही. हळूहळू हिरवा रंग पिवळ्याकडे आला. मग नायट्राइट दाखवणाऱ्या दुसऱ्या थेंबांत जांभळा रंग चढला, तो उतरायला आणखी काही आठवडे गेले. शेवटी पाणी निवळलं. काळा एकटा उरला होता. टाकी बसली ती स्पंजामुळे, दुसऱ्या बाटलीमुळे, का नुसत्या दिवसांमुळे, हे मला सांगता येत नाही. मी सगळंच एकदम करत गेले. प्रयोगवहीत मुलांनी असं लिहिलं असतं तर मी लाल शाईने लिहिलं असतं, एका वेळी एकच गोष्ट बदला.

तोपर्यंत आप्पांनी टाकीकडे बघणं सोडलं होतं. मी खुर्ची टाकीसमोर ठेवली की ते काठीने जमिनीला रेटून ती रस्त्याच्या बाजूला वळवायचे, जमेल तेवढी. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जायचे, ते बघायचे. मावशी म्हणाल्या, "त्यांनी पाच मरताना बघितलेत, ताई. तुम्ही शाळेत होता." हे मला आधी सुचलं नव्हतं. मी येईपर्यंत मावशी मेलेला मासा काढून ठेवायच्या. पण मावशींना कळेपर्यंतचे तास आप्पा एकटेच त्याच्यासमोर असायचे. हात पोचत नाही, हाक मारता येत नाही, आणि मासा वर येऊन तोंड उघडतोय.

दिवाळीनंतर भाऊ येऊन त्यांना बोरगावला घेऊन गेला. चालायला लागले होते काठीच्या आधाराने, आणि आपलं घर ते आपलं घर. मी आठवड्याला निपाणीहून गाडी बदलून जाते. त्यांच्याशी बोलते, माशांचा विषय काढत नाही. एकदा काढला होता. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मीच चहा ठेवायला उठले.

टाकी आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. परवा शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर म्हणाले, मुलीच्या वाढदिवसाला टाकी घेतोय, कुठली बाटली चांगली? मी त्यांना सगळं सांगितलं. पाणी आधी भरून ठेवा, बाटली घातली तरी थांबा, एकच मासा सोडा, थेंब आणून तपासा. त्यांनी डायरीत लिहूनसुद्धा घेतलं. सोमवारी त्यांचा फोन आला. "मॅडम, मासे कालच आणले, आठ. पोरगी ऐकंना. आता ते वर येऊन तोंड उघडायला लागलेत. काय करू?"

मी म्हटलं, "खाणं बंद करा. थोडं थोडं पाणी बदला."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. पलीकडे त्यांची मुलगी काही तरी विचारत होती, ते मला नीट ऐकू आलं नाही.