पाव राखणारा

इंग्रजीच्या मास्तरला सगळी गल्ली 'मूळपुरुष' म्हणायची. कुणी सहज एखादा इंग्रजी शब्द उच्चारला, की हा त्याचा खापरपणजोबा उकरून काढी. निवृत्त झाल्यावर तो बायकोच्या बेकरीत गल्ल्याशेजारी लाकडी खुर्ची टाकून बसला, तो उठेचना. पीठ तीच मळायची, पाव तीच भाजायची आणि विकायचीही तीच. भट्टीसाठी लाकडं फोडायला सांगितलं, की याची कंबर धरे. कामाच्या नावानं आवळ्याएवढं पूज्य!

मग एक दिवस तिचं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टी आवळून मळायला साफ बंदी केली. पण दवाखान्याच्या कॅन्टीनचा पाव रोज संध्याकाळी जायचा, आणि एकदा जरी चुकला तरी ते गिऱ्हाईक समोरच्या बेकरीत जाणार होतं. दुकान चालत होतं ते त्याच्याच जिवावर.

"अहो, आजच्या दिवस मळाल का?" तिनं विचारलं.

"त्यात काय मोठंसं! तू पड जरा."

ती वर जाऊन पडली. इतकी वर्षं संसार करूनही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आता याला काय म्हणावं! खाली आली तर काथवटीत पीठ कोरडंठाक. रिकामे क्रेट टाकायला आलेला कॅन्टीनवाला मास्तरच्या तावडीत सापडला होता.

"'लेडी' घ्या. जुन्या इंग्रजीत ह्लाफ-दिगे. ह्लाफ म्हणजे पाव, दिगे म्हणजे मळणारी. आणखी मागे जा, तर इंग्रजी आणि संस्कृत दोघींच्या आजीकडे मळण्या-लिंपण्याचा धातू सापडतो. आपला 'देह' त्यातलाच. आणि 'लॉर्ड'? ह्लाफ-वेर्ड. पाव राखणारा!" असं म्हणून तो खुर्चीत ऐसपैस रेलला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"राखण कुत्रंही करतं," ती म्हणाली. "आणि ते चोर आला तर उठतं तरी."

तिनं पट्टी सोडली, काथवटीत पाणी ओतलं आणि मळायला घेतलं. लगेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅन्टीनवाल्यानं घड्याळ काढून हात धुतले.

"सरका वहिनी. कसं करायचं ते सांगा फक्त."

मास्तरनं त्याला वाट द्यायला पाय तेवढे आखडून घेतले. पाव वाकडेतिकडे झाले, पण वेळेवर गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर सावकाश खाली उतरला. गल्ल्याशेजारची जागा रिकामी होती.

"माझी खुर्ची कुठंय?"

"भट्टीत," ती म्हणाली. "हात धुऊन या."