बंद दारावरून पुढे गेलेली फेरी

भिवंडीहून गणेशपुरीकडे जाणाऱ्या एसटीतून उतरलं की शेताच्या बांधावरून आत चालत गेल्यावर आमचं गाव लागतं. ख्रिस्ती घरं थोडीच. चर्च म्हणजे विटांच्या चार भिंती आणि वर पत्रे. पाळकसाहेब शहरातून यायचे, तेही दर रविवारी नाही. पण नाताळची पहाटफेरी पाळकांवाचून आम्ही कधी अडू दिली नाही.

फेरीची आमची रीत वेगळी आहे. नाताळच्या दिवशी उजाडायच्या आधी चारपाच जण कंदील घेऊन चर्चमधून निघतात आणि एकेका घराच्या उंबऱ्यापुढे उभं राहून गाणं सुरू करतात. घरातली माणसं तोवर आंघोळ करून, नवे कपडे घालून दाराच्या आत तयार असतात, पण दार उघडत नाहीत. पहिलं कडवं पुरं झालं की मगच कडी काढायची. मग ती माणसं फेरीत मिसळतात आणि सगळे मिळून पुढच्या दारी जातात. शेवटच्या घरापाशी पोचेपर्यंत अख्खी मंडळी वाटेवर आलेली असते, आणि तशीच गात चर्चमध्ये शिरते. गाणं झाल्याशिवाय दार उघडणं आमच्याकडे अशुभ नाही, पण कुणी ते करत नाही. आपल्यासाठी कुणीतरी आलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

कंदील वर्षानुवर्षं माझ्या थोरल्या भावाच्या हातात असायचा. पहिली ओळ तोच उचलायचा. आवाज खडा, ढोलकीवर हातही बरा. तो लूमवर होता आणि मी त्याच कारखान्यात मेहता, म्हणजे कामगारांची हजेरी आणि कापडाचा हिशेब बघणारा. भावाची हजेरी धाकटा भाऊ मांडायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, आणि चुकीच्या बाजूने वाटायचं: संकोच नव्हे, मोठेपणा.

दोन हजार सालानंतरचीच ही गोष्ट. त्या वर्षी दादाची छाती बिघडली. लूमच्या कापसाची धूळ, वर सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचा धूर. पावसाळा संपेपर्यंत तो घरी बसला. चार पावलं चालला तरी धाप लागायची. डिसेंबरात आम्ही गाण्याच्या सरावाला बसायचो तेव्हा तो कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचा.

"यंदा मी फेरीत न्हाय," तो म्हणाला. "इतकी वर्सं भायेर उभा राहून गायलो. आपल्याच दाराच्या आतून कसं वाटतं, ते एकदा बगतो."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "मग दादा, तुमच्या दारी दोन गाणी."

"दोन न्हाय, एकच. पन सूर धरा."

त्या वर्षी मी नवा कीबोर्ड आणला होता. ढोलकी आता जुनी झाली, उपासनेत जरा व्यवस्थित वाजलं पाहिजे, असं माझं म्हणणं. मी वाजवायला लागलो. बोटं अडखळत होती. दादा थोडा वेळ ऐकत राहिला, मग म्हणाला, "मेहताजी, ही पिपानी बंद करा. लूमनं कान गेले न्हाय, ते हिच्यानं जातील. आन देवाघरी हजेरी कोन घेत न्हाय, जरा सैल बसा."

बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. तो खोकत खोकत हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी कीबोर्डावर कापड टाकलं आणि घरी गेलो.

नाताळच्या पहाटे कंदील माझ्या हातात आला. धुकं इतकं, की भात कापून झाल्यावर पेरलेला वाल पायाला लागल्यावर कळत होता. दादाचं घर गावापासून जरा सुटं, बांधाच्या पलीकडे. बाकीची घरं झाली. माणसं वाढली. बांधापाशी आलो तेव्हा मागून एकाने विचारलं, "दादाकडं वळायचं ना?"

मी म्हणालो, "नको. रात्रभर खोकत होता. आत्ता डोळा लागलाय. वहिनीनं सांगितलंय, उठवू नका म्हणून."

वहिनीने असं काही सांगितलं नव्हतं. रात्री मी तिच्याकडे गेलोही नव्हतो. वाक्य आधीपासून ठरवलं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. ठरवलं नव्हतं, पण ते तोंडात तयार होतं.

कंदील घेऊन मी सरळ चालत राहिलो. फेरी कंदिलामागे चालते, त्यामुळे सगळे आले. बांध मागे पडला तेव्हा धुक्यातून खोकल्याचा आवाज आला, अगदी ओळखीचा. दाराच्या आत उभ्या असलेल्या, जाग्या माणसाचा. मी पुढची ओळ जास्त जोराने उचलली.

उपासना सुरू झाल्यावर वहिनी मुलीला घेऊन एकटीच आली आणि मागे बसली. प्रार्थना संपल्यावर शेजारची बाई तिला म्हणाली, "दादाला झोप लागली ना जरा? बरं झालं, उठवलं न्हाय." मी कीबोर्डापाशी होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईला म्हणाली, "हां. लागली."

दुपारी मी करंज्यांचं ताट घेऊन दादाकडे गेलो. तो नवा शर्ट घालून खाटेवर बसला होता. बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"ये बारक्या. गानं बरं झालं. लांबून ऐकलं."

"धुकं होतं, दादा."

"हां," तो म्हणाला. "धुकं लय होतं."

त्याने करंजी घेतली, अर्धी खाल्ली. आम्ही कारखान्याबद्दल बोललो.

उन्हाळ्यात तो गेला. पुढच्या नाताळला फेरी त्याच्या दारी गेली. दुःखाच्या घरी गातात तसं, ढोलकीविना, एकच कडवं. कंदील मीच धरला. वहिनीने दार उघडलं, सगळ्यांना सलाम केला, मलाही केला. नंतरची काही वर्षं असंच चाललं. पूर्णा आणि मानकोलीकडे गोदामं उभी राहिली, आमच्यातली पोरं तिकडे कामाला लागली, फेरीत आवाज कमी झाले. मी मंडळीचा पंच झालो. प्रभुभोजनाच्या आधी सगळे मान खाली घालून पापं कबूल करतात, तेव्हा मीही घालायचो आणि हे सोडून बाकी सगळं कबूल करायचो.

शेवटी एका डिसेंबरात मी वहिनीकडे गेलो. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मी बसलो आणि सांगितलं. उठवू नका असं तिने मला काही सांगितलं नव्हतं, दादा जागा आहे हे मला माहीत होतं, खोकला मी ऐकला होता. एकही शब्द मऊ केला नाही.

तिचा हात थांबला नाही.

"मला तवाच कललं, भावोजी. चर्चात."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? नाताल होता." तिने शेंगांची टोपली जवळ ओढली. "तुमी बांधापाशी आलात तवा आमी दोगं दारातच उभी होतो. गानं पुढं चाललं तशी मी कडीला हात घातला. म्हनलं, हाक मारते. त्यांनी हात धरला. म्हनाले, गान्याच्या आधी न्हाय उघडायचं, येतील. आवाज चर्चात शिरंपर्यंत उभे होते. श्वास पुरत नव्हता, तरी बसले न्हाय."

मी खाली बघत होतो.

"रात्री म्हनाले, बारक्याला त्या दिवशीचं लागलं वाटतं. मेहताजी बोललो ते. एकदा त्याला जवल बसवून सांगतो, मस्करी होती म्हनून. तुमी आलात की म्हनायचे, आज न्हाय, आज दम लागतोय, पुढच्या खेपेला. मंग ते गेलेच."

मी म्हणालो, "वहिनी, मला माफ—"

"तुमी सांगून मोकले झालात," ती म्हणाली. "मी आता हे कोनाला सांगू?"

ती जा म्हणाली नाही. चहाही विचारला नाही. अंधार पडायला लागला तेव्हा मी उठलो.

त्या नाताळला मी कंदील दुसऱ्याच्या हातात दिला. फेरी बांधावरून तिच्या घराकडे वळली तेव्हा मी अलीकडेच थांबलो. गाणं झालं, कडी वाजली, ती मुलीबरोबर बाहेर आली आणि सगळे परत बांधावर आले. माझ्याजवळून जाताना ती क्षणभर थांबली.

"चला," म्हणाली. "उशीर होतोय."

चला म्हणाली, म्हणून मी गेलो. त्या दिवसापासून तिने मला भावोजी म्हटलेलं नाही. चला म्हणते, बसा म्हणते, ताट वाढते. हाक मारत नाही.