विहीणबाईंशी थेट

माझ्या विहीणबाई स्पेनमध्ये राहतात, हे वाक्य मी कोणालाही, कुठेही आणि कोणी विचारलं नसतानाही ऐकवते. परवा ग्वारीघाटला जाताना ऑटोत शेजारी बसलेल्या बाईंना ऐकवलं. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. आमच्या जबलपुरात मराठी घरातली मुलगी नागपूरला दिली की लोक म्हणतात, चांगलं झालं. पुण्याला दिली की म्हणतात, लांब गेली. स्पेनला दिली तर काय म्हणायचं हे अजून ठरलेलं नाही, म्हणून "अच्छा"वर भागतं.

सोयरीक ठरत होती तेव्हा मात्र मी असं काही मिरवत नव्हते. लेक तिकडे नोकरीला गेली, तिथल्या एका मुलाशी तिचं जमलं, मुलगा सरळ वाटला, आम्ही दोघांनी फार ताणलं नाही. मग एका रविवारी व्याह्यांच्या घरून पहिला व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडे दुपारच्या जेवणाची वेळ, आमच्याकडे दिवेलागणीची. लेक मध्ये दुभाषी म्हणून बसली. विहीणबाई माझ्याच वयाच्या, केस कापलेले, आणि त्यांचे हात त्यांच्या तोंडापेक्षा जास्त बोलणारे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला आणि मला काहीतरी विचारलं.

लेक म्हणाली, "आई, त्या म्हणून राहिल्या की तुमचे पडदे सुंदर आहेत."

आता, आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी बरीच वर्षं नाटकांत कामं केली आहेत. खाष्ट सासू, भोळी मावशी, एकदा तर भूत. अभिनय कसा होता ते प्रेक्षकांना विचारा, पण समोरच्याचा चेहरा वाचायला मी तिथे शिकले. पडद्यांची तारीफ करताना कोणी कपाळाला अशा आठ्या घालत नाही. मी लेकीला म्हटलं, "धन्यवाद सांग." तेवढं सांगायला लेकीने चांगली चार वाक्यं घेतली, आणि ती ऐकून विहीणबाईंनी खुर्ची पुन्हा मागे घेतली.

फोन ठेवल्यावर माझे यजमान म्हणाले, "पोरीने बोलण्याच्या मधात गाळणं लावलं आहे."

गाळणं हा तिचा जुना गुण. लहानपणी ताप अंगात घेऊन ती शाळेच्या सहलीला गेली होती, आणि भेडाघाटच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन बसली तेव्हा बाईंना सांगत होती, ठीक आहे मी. मोठी झाल्यावर तर तिचा हात आणखी बसला. गेल्या वर्षी तिला तिकडे कावीळ झाली. रोज फोनवर बोलत होती आणि रोज एकदम ठीक होती. आम्हाला कळलं ते ती उठून फिरायला लागल्यावर, आणि तेही तिच्या मैत्रिणीच्या तोंडून निसटलं म्हणून. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती उभी होते.

अशा मुलीच्या सासूला आईने काय सांगायचं असतं? रुखवत, मानपान, कुळाचार, काही नाही. एकच गोष्ट सांगायची असते: हिच्या 'ठीक आहे'वर जाऊ नका. तिच्याजवळ राहणाऱ्या एका तरी माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं, आणि नेमकी हीच गोष्ट तिच्या तोंडून पोचणार नव्हती. तिने त्या गोष्टीचेसुद्धा पडदे केले असते.

"फोनमध्ये भाषांतराची सोय आहे ना," यजमान म्हणाले. "लिहून पाठव."

"तुमच्या आईने आपल्या लग्नात माझ्या आईला असं यंत्रातून काही सांगितलं असतं, तर चाललं असतं?"

"माझ्या आईला यंत्र लागलंच नसतं. तिचा आवाज तसाच नागपूरपर्यंत जात होता."

हे खरं होतं. पण मला बोलताना विहीणबाईंचा चेहरा बघायचा होता. असली गोष्ट पोचली की नाही ते चेहऱ्यावरच कळतं. म्हणून मी ठरवलं, आपणच शिकायचं.

मोसम मटारचा होता. आमच्याकडे शहपुऱ्याच्या बाजूचा मटार पोत्याने येतो. तो सोलायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा आणि पिशव्या भरून ठेवायच्या, म्हणजे उन्हाळ्यातही उसळ होते. मी टीव्हीवर स्पॅनिश सिनेमे लावायचे आणि पुढ्यात परात घेऊन बसायचे. खाली इंग्रजीत सबटायटल यायचं, पण शेंगेत अळी निघते, त्यामुळे नजर हातावर ठेवावी लागते. सबटायटल वाचायला गेलं की अळी सुटते. मग काय, कान तेवढे मोकळे. वाक्य कानावर पडायचं, ते मी मोठ्याने तसंच्या तसं म्हणायचे, आणि अगदीच राहवलं नाही तर मान वर करून त्याचा अर्थ बघून घ्यायचे.

शाळेत भाषा शिकवतात तेव्हा 'हे टेबल आहे'पासून सुरुवात करतात. माझी सुरुवात 'मला सोडून जाऊ नकोस'पासून झाली. नंतर 'तू माझा मुलगा नाहीस', 'दार उघड नाहीतर तोडीन' आणि 'डॉक्टर, ताप उतरत नाही' अशी प्रगती होत गेली. मीठ, साखर, किती वाजले, यातलं काही येत नव्हतं. मृत्युशय्येवरून शाप मात्र मी अस्खलित देऊ शकत होते. आणि मी ते बसून म्हणत नसे. रडायचा प्रसंग असला की रडत, धमकीचा असला की हातात सोललेली शेंग उगारून.

एका दुपारी शेजारच्या भाभी दारात आल्या. "दीदी, सब ठीक है ना? भैया की तो आवाज़ ही नहीं आती, आप ही आप चिल्लाती रहती हैं."

आतून यजमानांनी उत्तर दिलं, "भाभीजी, शुरू से यही है."

यजमानांचं शिक्षण निराळ्या वाटेने चाललं होतं. लेकीच्या कपाटात तिची एक स्पॅनिश कादंबरी राहून गेली होती, खुनाची. यजमानांचा जन्म कारखान्यात मशीनची ड्रॉइंगं वाचण्यात गेला, त्यामुळे पुस्तकही ते ड्रॉइंगसारखंच वाचत: ओळीखाली पट्टी, हातात पेन्सिल, शेजारी फोनमधला शब्दकोश. एका पानाला त्यांना आठवडा लागे, पण त्या पानातला शब्द पुन्हा विसरत नसत. फक्त त्यांनी उच्चार करू नये. लिहिलंय ते प्रत्येक अक्षर ते न्यायाने वाचत, आणि स्पॅनिशमध्ये सगळ्याच अक्षरांना बोलायची परवानगी नाही. तर अशी आमच्या घरात एक अख्खी स्पॅनिश भाषा तयार होत होती. तोंड आणि कान माझ्याकडे, डोळे त्यांच्याकडे.

"आज काय झालं?" मी जेवताना विचारायचे.

"प्रेत तळघरात लपवलं."

"अजून? मागच्या आठवड्यातही तेच लपवून राहिले होते."

"मागच्या आठवड्यात सुरी लपवली. तू लक्ष देत नाहीस."

मटार संपला, थंडी ओसरली, रविवारचे कॉल चालू होते. मी काही शिकते आहे हे लेकीला सांगितलं नव्हतं. दुभाष्याला कळलं की तो सावध होतो.

आणि मग एका रविवारी कळलं. म्हणजे सगळं नाही. पण दिवाबत्तीच्या वेळी लाइट जाऊन पुन्हा आल्यावर घरातल्या वस्तू एकदम दिसतात, तसं विहीणबाईंचं बोलणं मला दिसायला लागलं. त्या सावकाश बोलत होत्या, बहुधा पुन्हा पुन्हा तेच विचारून थकल्या होत्या. त्या म्हणत होत्या, तुमची मुलगी आमच्याकडे येते, जेवते थोडंसं, सगळं छान म्हणते. मला कळत नाही तिला आम्ही आवडतो का. तुम्ही आई आहात, तुम्ही सांगा.

लेक माझ्याकडे वळून, जराही न अडखळता म्हणाली, "आई, त्या म्हणून राहिल्या, जबलपुरात आता गरमी सुरू झाली असेल ना?"

माझ्या नाट्यजीवनातलं सर्वोत्तम काम मी त्या क्षणी केलं. मी म्हटलं, "हो ना, दुपारी पंखा लागतो."

लेकीने त्यांना काय सांगितलं तेही कळलं. आई म्हणते सगळं उत्तम आहे. विहीणबाईंनी मान हलवली आणि त्या टेबलावरचे चमचे उगाच सरळ करायला लागल्या. मला माझं स्वयंपाकघरातलं उभं राहणं आठवलं. आतापर्यंत मला वाटत होतं की अडलं आहे ते फक्त माझंच. त्या तर उत्तर मागत माझ्याच दारात कधीपासून उभ्या होत्या.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोघांनी बसून ते वाक्य जुळवलं. 'माझी मुलगी' सोपं होतं, सिनेमातल्या आया दुसरं काही बोलतच नाहीत. 'ताप' माझ्याकडे होता, डॉक्टरच्या प्रसंगातला. 'लपवते' माझ्याकडे नव्हतं, ते यजमानांनी तळघरातून आणून दिलं. 'तिच्यावर विश्वास ठेवू नका' हे मी एका खलनायकाबद्दल ऐकलं होतं. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर तिच्याबद्दल असं वाक्य बोलायला मीही धजले नसते.

राहिला प्रश्न दुभाष्याला रंगमंचावरून घालवण्याचा. लग्नासाठी इथून शिवून पाठवलेला ब्लाउज आणि साडी लेकीला पोचली होती. पुढच्या रविवारी विहीणबाईंच्या घरून कॉल आला तेव्हा मी म्हटलं, "साडी नेसून दाखव ना. आत्ता. विहीणबाईंनाही बघू दे."

"आत्ता? अरे यार आई, खाना लग रहा है."

"मला ब्लाउजची फिटिंग बघायची आहे. शिंपी रोज विचारतो."

शिंपी काही विचारत नव्हता. लेकीने फोन टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवला आणि आत गेली. तिला निऱ्या घालायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. इकडे यजमान आमच्या टेबलाखाली, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे, प्रॉम्प्टर म्हणून बसले होते.

मी विहीणबाईंना त्यांच्या भाषेत हाक मारली. त्या भाषेत विहिणीसाठी वेगळा शब्द आहे, कोन्सुएग्रा. इंग्रजीत शोधून सापडत नाही. तो मिळाला तेव्हाच मला वाटलं होतं, या लोकांशी आपलं जमेल. त्यांनी दचकून फोनकडे पाहिलं. मग मी ते वाक्य म्हटलं. मला ते एकाच सुरात म्हणता येत होतं, मरणाच्या उंबरठ्यावरच्या आईच्या. हात छातीशी, आवाज कापरा, "माझी मुलगी ताप लपवते. ठीक आहे म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका."

विहीणबाईंचा रंग उडाला. त्यांना वाटलं, आत्ताच काहीतरी झालं आहे. त्या उठून आतल्या खोलीकडे निघाल्याच. मी "नाही, नाही" म्हणत होते आणि टेबलाखालून यजमान उपयोगी पडावं म्हणून कादंबरीतल्या इन्स्पेक्टरची वाक्यं सुचवत होते. शेवटी मी हाताने 'बसा' केलं आणि 'आधी', 'लहान', 'नेहमी' असे सुटे शब्द एकेक करून टाकले. त्या बसल्या. ऐकत राहिल्या. मग त्यांनी, मला समजेल इतकं सावकाश, विचारलं, "मग तुम्हाला कसं कळतं?"

इतके महिने मी सांगायची तयारी केली होती, त्यांनी काही विचारलं तर काय करायचं याची नाही. आणि उत्तरासाठी शब्द नव्हते. सिनेमात कोणी मीठ कमी आहे म्हणत नाही, खुनाच्या कादंबरीतही नाही. मग मी उठले. मी माझी लेक झाले. काल्पनिक ताट पुढे ओढलं, एक घास खाल्ला, नाक मुरडलं, तोंड वाकडं केलं, ताट दूर सारलं, बोटाने मीठ दाखवलं, मग सगळं चाटूनपुसून खाल्लं. म्हटलं, "मुलगी. घर. ठीक." मग पुन्हा बसले, एक घास घेतला, डोळे मिटून गोड हसले, "छान, छान" म्हटलं आणि मान हलवली. "ठीक नाही."

विहीणबाईंनी तोंडावर हात घेतला. त्या हसत होत्या की काय ते मला आधी कळेना, कारण डोळे पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सारखं छान."

"माहीत आहे," मी म्हटलं. हेही एका सिनेमातलंच.

लेक बाहेर आली. निऱ्या एका बाजूला गोळा झालेल्या, पदर लांडा. पण ब्लाउज बसला होता. ती एकदा फोनकडे आणि एकदा सासूकडे बघून म्हणाली, "काय झालं? तुम्ही दोघी काहून अशा बसल्या?"

"काही नाही," मी म्हटलं. "पडदे बघून राहिलो."

विहीणबाईंनी तिला तशीच साडीत जेवायला बसवलं आणि बटाट्याच्या जाड ऑम्लेटचा तुकडा वाढला. फोन जगला टेकलेलाच होता, बंद करायचं कोणाला सुचलं नाही. लेकीने घास घेतला आणि छान झालंय म्हणाली. विहीणबाईंनी हातातला काटा खाली ठेवला. "नो ते क्रेओ," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. माझा नाही विश्वास बसत.

लेकीने खाणं थांबवलं. आधी सासूकडे, मग फोनमधून माझ्याकडे तिने बघितलं. मी साडीचे काठ न्याहाळत होते. यजमान अजून टेबलाखालीच होते. मग ती ताटाकडे बघून हळू आवाजात, त्यांच्या भाषेत म्हणाली की तेल जास्त झालंय, आणि काल रात्रीपासून तिचं डोकं दुखतं आहे.

विहीणबाई उठल्या, खुर्चीमागे गेल्या आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. लेकीने तो काढला नाही. मला त्याचं भाषांतर तिने करून दिलं नाही.