बाजेची दावण आणि वस्तीची विहीर

किसनआप्पांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. गौरव अंकात तुम्हीही लिहा, असं मला सांगण्यात आलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही तीन गावांत मिळून. तेव्हा चूकभूल पोटात घालावी.

आप्पांची पहिली भेट वारंगा फाट्यावर झाली. दुष्काळाचं साल. मी एका ट्रकमधून उतरलो होतो, पुढं कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. त्या ट्रकवाल्याचीही एक गोष्ट आहे, पण ती राहू द्या. चहाच्या हॉटेलाबाहेर आप्पा बाज कसत बसले होते. म्हणाले, "काहून उभा राहिला, लेकरा? धर हे टोक." बाजेला मधोमध झोळ पडला होता आणि ते पायथ्याची दोरी, म्हणजे दावण, ओढत होते.

"आप्पा, झोळ तर मधी हाय."

"मधी हात घालून झोळ जात न्हाई, बाबा."

त्यांच्या मागोमाग त्यांच्या गावी गेलो. गावची मोठी विहीर आटली होती. मी काही दिवस सुरुंगवाल्यांच्या टोळीत काढलेले. बढाई मारली, की तळ फोडून पाणी काढतो. चावडीवर आप्पा म्हणाले, "आधी माळावर चला. पाणी वरून येतं. ते तिथं काहून थांबंना, ते बघू."

"माळावर गवताची काडी न्हाई. काय बघता?" पाटील म्हणाले.

"तेच बघायचं."

कुणी गेलं नाही. मी सुरुंग लावले, पाणी लागलं. गावानं मला फेटा बांधला.

पंधरवड्यात खालच्या बौद्ध वस्तीची विहीर कोरडी पडली. आप्पांचं घर तिथंच. त्यांच्या सूनबाई नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरू लागल्या. मी पळायच्या बेतात होतो. आप्पा एवढंच म्हणाले, "पाणी वाढलं न्हाई. आमचं तुमच्याकडं सरकलं. फेटा सोड अन् माळावर चल."

वस्तीची विहीर आटलेली पाहून या खेपेला गावही आलं. वीटभट्टीसाठी झाडं गेली होती. गायरान नांगरलं गेलं, म्हणून शेळ्या माळावर चढल्या होत्या. उघडी माती पावसात वाहून नाल्यात बसली होती. ज्याचं त्याचं कारण खरं होतं. आप्पांनी कुणालाच चोर म्हटलं नाही, म्हणून तर माणसं दुसऱ्या दिवशीही आली.

पुढचं लिहितानाही दम लागतो. पाणी अडवायला ताली, म्हणजे मातीचे बांध, घातल्या, त्या फुटल्या. कुरण राखलं, त्यात शेळ्या शिरल्या. शेळीवाल्यांना गवत कापून द्यायचं ठरलं, तर वाटणीवरून भांडणं. दरवर्षी आप्पांचा तोच थकला आवाज: "दावण ढिली झाली. पुन्हा ओढू." मी मधे दोनदा कंटाळून निघून गेलो. परत आलो तेव्हा त्यांनी कुठं होतास असं विचारलं नाही. "आला? धर टोक."

यंदा चैत्रात वस्तीच्या विहिरीत पोहरा बुडाला. सूनबाईंनी पहिला तांब्या माझ्या हातात दिला.

आप्पांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, हे सगळेच म्हणतील, मीही म्हणतो. शिवाय एक विनंती आहे. माळ अजून अर्धा उघडा आहे. आप्पांनी आता दुपारी आपल्याच बाजेवर घटकाभर पाठ टेकावी. यंदाची दावण आम्ही ओढतो.