आत्या 'येते' म्हणाली

माझी आत्या बसस्थानकाच्या सामानघरात कामाला होती. बस सुटायला वेळ असला की लोक तिथे बॅगा ठेवायचे आणि मोकळ्या हातांनी गावात हिंडून यायचे. लोखंडी मांडण्या, एक खिडकी, खिडकीत झिजलेली लाकडी फळी आणि फळीखाली पितळी बिल्ल्यांची पेटी. बॅगेला एक बिल्ला बांधायचा, जोडीचा माणसाच्या हातात द्यायचा, तो परत आला की बॅग हवाली करायची. यात डोकं लावण्यासारखं काही नाही असं मला वाटायचं. आत्याला मात्र प्रत्येक बॅगेची काळजी. मऊ पिशव्या वर, पेट्या खाली, ओल्या छत्र्या दाराजवळच्या बादलीत. कुणी बॅग आपटली की ती खिडकीतून डोकं काढून त्याची अशी खरडपट्टी काढायची, की तो बिचारा आपल्याच बॅगेची माफी मागायचा.

तोंडाची फटकळ. लग्न केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "दिवसभर लोकांची ओझी सांभाळते, घरी आणखी एक कशाला?" सगळे हसायचे, मीही हसायचो. संध्याकाळी सामानघराला कुलूप लावून ती घरी जाते आणि मग काय करते, हे मात्र आम्हा हसणाऱ्यांपैकी कुणी कधी विचारलं नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिची खोली होती. खोलीत एकच खुर्ची. मी गेलो की ती मला खुर्ची द्यायची आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसायची.

"अगं, दुसरी खुर्ची घे की," मी एकदा म्हणालो.

"तू कधीतरी उगवणार, आणि बाकीचे दिवस मी तिच्याकडे बघत बसू?"

मी चहा संपवला आणि उठलो.

बसस्थानकाच्या मुख्य दारात एक म्हातारे उभे असायचे. अंगात खाकी कोट, पायांत जाड बूट. गणवेश कुठल्या खात्याचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रवासाला निघालेला माणूस पोचवायला आलेल्यांना "येतो हं" म्हणाला, की हे मध्येच "या" म्हणायचे. त्यांना कुणी विचारलेलं नसे. म्हणून आम्ही पोरं त्यांना 'याकाका' म्हणायचो. शेजारी त्यांच्यासाठी एक स्टूल होतं, पण त्यावर ते बसलेले कुणी पाहिले नाहीत. स्टुलावर बायका आपल्या पिशव्या टेकवायच्या आणि काका त्या राखत उभे.

आत्या कामाला लागली तेव्हा तरुण होती, म्हणून त्यांना काका म्हणायला लागली. निवृत्त व्हायची वेळ आली तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते आणि काका होते तसेच होते. "आता तूच त्यांची मावशी शोभशील," मी चिडवायचो. हे चमत्कारिक आहे असं कुणाला वाटलं नाही, कारण दारातल्या माणसाकडे निरखून बघतो कोण?

मग ठरलं की बसस्थानक गावाबाहेर, मोठ्या रस्त्यावर न्यायचं. काचेची इमारत, आपोआप उघडणारी दारं, सामानासाठी कुलपांची कपाटं. आत्याची निवृत्ती आणि जुन्या बसस्थानकाची टाळेबंदी एकाच महिन्यात आली. बाबा गेल्यापासून तिला माझ्याशिवाय जवळचं कुणी नव्हतं आणि तिचे गुडघे पार गेले होते. मी तिला शहरात आमच्याकडे न्यायला गेलो. बायकोने खोली लावून ठेवली होती. आत्या खुशाल म्हणाली, "मी नाही येत."

"का?"

"काकांना सोडून कशी येऊ?"

माझ्या डोक्यात भलताच प्रकाश पडला. मी घसा साफ करून म्हणालो, "आत्या, या वयात काही वाईट नाही. आम्ही काही जुन्या विचारांचे नाही."

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मेल्या, देव आहेत ते!"

"कसले देव?"

"उंबऱ्याचे."

आणि मग, कुणी शेजाऱ्याची माहिती सांगावी इतक्या सहज तिने मला सगळं सांगितलं. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हा नुसता बोलायचा प्रकार आहे असं आपण समजतो. पण तो शब्द ऐकायला पूर्वीपासून एकजण ठेवलेला आहे. कुणी 'येतो' म्हणून बाहेर पडलं, की ते माणूस परत येईपर्यंत याने दारात उभं राहायचं. माणूस परत आलं, वारलं, किंवा येत नाही असा त्याचा निरोप आला, की तो शब्द सुटला. सगळे शब्द सुटले तर याला बसता येईल. आणि एकदा बसला की संपला.

"म्हणजे मरणार?"

"देव कसले मरतात! नसतात, एवढंच."

पूर्वी ते घरोघरी असायचे. मग लोक घरं सोडून गावोगाव जायला लागले, तेव्हा ते जिथे हा शब्द सगळ्यात जास्त बोलला जातो तिथे येऊन राहिले. त्यांच्यातले बाकीचेही असेच कुठे कुठे लागले होते. चौरस्त्याची एक देवी होती, सिग्नल आल्यावर तिचं काम गेलं. ती आता टॅक्सीवाल्यांच्या ऑफिसात फोन घेते. विहिरीचा एक होता, त्याचं काही कळत नाही. काकांचं मात्र बरीच वर्षं बरं चाललं होतं.

"आता लोक 'बाय' म्हणतात," आत्या म्हणाली. "काका विचारतात, बाई, 'बाय' म्हणजे काय? येणार की नाही येणार? मी काय सांगू?"

हळूहळू सगळे शब्द सुटत गेले होते. उरला होता तो फक्त आत्याचा. रोज संध्याकाळी कुलूप लावून ती दारात म्हणायची, "येते हं काका," आणि ते म्हणायचे, "या." सकाळी ती यायची, शब्द सुटायचा, आणि संध्याकाळपर्यंत एखादं जुनं माणूस तरी कुणाला 'येतो' म्हणून जायचं. अलीकडे तेही होईना; दिवसभर काका फक्त आत्या संध्याकाळी काय म्हणते याची वाट बघत उभे राहायचे. काका थकले होते. बाई, एकदा बसायचंय, असं त्यांनी तिला दोनतीनदा म्हटलं होतं. तिने निघताना 'जाते' म्हणायचं, बस. तेवढंच तिला जमत नव्हतं.

मी विमा कंपनीत आहे. लोक काय काय सांगतात ते ऐकून घ्यायची मला सवय आहे. एकटं राहून आत्याचं डोकं फिरलंय असं मी मनात म्हटलं आणि तिचे कपडे पेटीत भरायला लागलो. तिने फार विरोध केला नाही. गुडघेच तसे होते.

शेवटच्या दिवशी आम्ही जुन्या बसस्थानकातूनच निघालो. आत्याने वाटेत मला बजावलं होतं, "आज मी 'जाते' म्हणणार. तू मध्ये बोलू नकोस." दारात काका उभे होते. सामानघराच्या मांडण्या कुणी खोलून नेल्या होत्या, भिंतीवर नुसत्या त्यांच्या रेघा राहिल्या होत्या. आत्या काकांसमोर उभी राहिली. काकांनी हात मागे नेऊन स्टूल चाचपलं, आहे ना हे बघण्यासाठी. बसवाल्याने भोंगा वाजवला.

"येते," आत्या म्हणाली.

काकांचा हात स्टुलावरून निघाला. ते म्हणाले, "या."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली. आत्याला रडताना मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि काय करायचं ते मला कळत नव्हतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती बाजूला सारली.

"त्यांच्यासाठी नाही म्हणाले रे मी 'येते'," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणाले. सगळ्या जगात माझी वाट बघणारं तेवढं एकच होतं."

मला म्हणायचं होतं की आम्ही आहोत ना. पण ती इतकी वर्षं एका खुर्चीच्या खोलीत राहिली होती, हे मला ठाऊक होतं. मी बाटली परत पिशवीत ठेवली.

आमच्याकडे ती शहाण्यासारखी राहिली. भाजी निवडायची, बायकोशी गप्पा मारायची, माझ्या ऑफिसच्या बॅगेचा पट्टा ओढून शिवण तपासायची. पण रोज कधीतरी विचारायची, "परत कधी जायचं?" मी म्हणायचो, बघू. मग तिची तब्येत ढासळली, तिने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आता प्रवास विसरा. त्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं.

"तू जाऊन ये. त्यांना सांग, आत्या येत नाही. तिने निरोप दिलाय. बसा म्हणावं."

"आत्या, ती जागा पाडली असेल."

"दार असेल. ते आहेत म्हणजे दार असणार. किती दिवस उभं ठेवू त्यांना? मी तिथे खोटं बोलले रे. देवाशी."

ती इतकी कासावीस झाली होती की मला नाही म्हणवेना. एक दिवस वाया, असा चरफडत मी निघालो.

गाव ओळखू येत नव्हतं. जुन्या बसस्थानकाच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं, आत विटांचे ढीग. मधोमध मुख्य दाराची नुसती चौकट उभी होती, आणि चौकटीत काका, शेजारी तेच स्टूल. बाजूच्या चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ते ठेकेदाराचे राखणदार आहेत." ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "नगरपालिकेचे असतील. पगार आम्ही देत नाही." कोट विटला होता. पाय इतके सुजले होते की बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या.

माझा विश्वास नव्हता. तरी मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि शाळेत पाठांतर म्हणावं तसा निरोप सांगितला. "सामानघरातली माझी आत्या. ती येत नाही. तिने सांगितलंय, बसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बऱ्या आहेत बाई?"

"नाही."

"जवळ कोण आहे?"

"आम्ही आहोत."

त्यांनी मान हलवली. मग एका हाताने चौकट धरून, दुसरा गुडघ्यावर ठेवून, ते त्या स्टुलावर बसले. बसताना त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी कधी विसरणार नाही. दिवसभर राबलेली माणसं घरी आल्यावर करतात, तसाच, पण फार जुना. मी चहावाल्याकडून दोन चहा आणले. त्यांनी कप हातात धरला, डोळे मिटले, पण प्यायले नाहीत. ऊन पडलं होतं. पाहता पाहता त्यांच्या कोटातून मागच्या विटा दिसायला लागल्या. मी डोळे चोळले. विटा होत्याच, एकेक मोजता येईल अशा.

म्हणजे आत्या खरं सांगत होती. मी आयुष्यभर तिच्या प्रत्येक बोलण्यावर हसलो होतो. आणि आता इथे, धुळीत, कुणाला पत्ता नसताना तिचा एकुलता एक सोबती संपत होता, आणि त्याच्यापाशी मी होतो. काहीतरी बोलावं असं वाटलं. बसची वेळ झाली होती. मी कप ठेवला, बॅग खांद्याला लावली आणि मोठ्या माणसाचा निरोप घेताना जे तोंडात येतं तेच आलं.

"बरं काका, येतो."

बोललो आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता. काकांनी डोळे उघडले. त्यांनी चौकट धरली, एक पाय टेकला, मग दुसरा, आणि कण्हत कण्हत ते उभे राहिले. विटा दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, आता हे मला शिव्या घालणार. आताच कुठे टेकले होते बिचारे. त्यांनी कोटाची खालची बटणं लावली.

"या," ते म्हणाले, आणि खूप दिवसांनी कुणी जेवायला हाक मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

घरी पोचलो तेव्हा आत्या जागीच होती. बायको तिच्या उशाशी बसली होती.

"भेटले?"

"भेटले."

"बसले का?"

खोटं बोलायचं मी वाटेत ठरवून ठेवलं होतं. पण तिच्या डोळ्यांत बघून पूर्ण खोटं निघेना.

"बसले होते," मी म्हणालो.

ते 'होते' तिने बरोबर पकडलं होतं. मग तिने हात पुढे केला आणि माझं मनगट घट्ट धरलं. अंगात एवढी ताकद उरली असेल असं वाटलं नव्हतं.

"निघताना काय म्हणालास रे, गाढवा?"

मी सांगितलं.

ती हसली. आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली, आणि बायको घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"मग आता तुला जावं लागणार," आत्या म्हणाली. "लवकर जा बाबा. फार वाट बघतात ते."